आठ रविवार, साडेसहा हजार रुपये आणि कादंबरीवाल्या मॅडम

साडेसहा हजार भरून रविवार सकाळी गोष्ट लिहायला शिकायला जाणार म्हटल्यावर आमच्या घरात जे काय झालं ते सगळं इथं लिहीत नाही. बायको एवढंच म्हणाली, "गोष्टी रचायला तुम्हाला क्लास कशाला लागतोय, उशीर झाला की रोज एक नवी सांगताच की."

तर आठ रविवार पूर्ण करून आलोय. बऱ्याच जणांनी व्हॉट्सॲपवर विचारलं कसा होता, पैसे भरू का, म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकतो. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठं कापला ते खाली येईलच. कोर्सचं आणि मॅडमचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण तक्रारी पण आहेत माझ्या, आणि कोल्हापूर ते केवढंसं, ज्याला कळायचं त्याला कळंल.

मॅडम कादंबरीकार आहेत. तीन कादंबऱ्या, एक कथासंग्रह. नोकरी बाहेरच्या एका युनिव्हर्सिटीत, तिथं क्रिएटिव्ह रायटिंग शिकवतात, आणि इथल्या एका क्लासवाल्यांनी त्यांना पटवून रविवारचं आणलेलं, रात्रीच्या गाडीनं यायच्या आणि दुपारच्या गाडीनं जायच्या. आता कादंबरी लिहिणारा मास्तर ही कोल्हापूरला काय नवी गोष्ट नाही. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते, मग इकडं आले, सिनेमाला पण लिहिलं आणि इथलेच झाले, १९७४ चं ज्ञानपीठ मराठीला पहिल्यांदा मिळालं ते त्यांच्यामुळं. शिवाजी सावंत आजऱ्याचे, ते पण इथं शाळेत शिकवायचे. पण ही माणसं शाळेत शाळेचे विषय शिकवायची आणि लिखाण करायची घरी, आपल्या वेळात. लिखाणच शिकवायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा हे आपल्याकडं तसं नवीनच म्हणायचं. मला पहिल्यापासून डाउट होता की हे शिकवता येतं का.

डाउटला कारण आहे. मी बीएला मराठी घेतलेलं (मग फौंड्रीत क्वालिटीला कसा चिकटलो ती वेगळी स्टोरी, शिरोली एमआयडीसीत अशी बरीच गिऱ्हाईकं आहेत). बीएला कादंबरीचे घटक पाठ केले, कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, भाषाशैली, प्रत्येकावर अर्धं पान, झाले मार्क. म्हणजे कास्टिंगचं ड्रॉइंग तोंडपाठ आणि भट्टी कधी बघितलेलीच नाही असला प्रकार. कुणी एकदा पण असं म्हटलं नाही की बाळा, एक पान लिहून आण बघू.

जागा राजारामपुरीत, एका कोचिंग क्लासचा वरचा मजला. बोर्डावर आधीच्या बॅचचं इंटिग्रेशन तसंच असायचं, बाक अकरावी-बारावीच्या पोरांच्या मापाचे, माझे गुडघे आठवडाभर बोलायचे. आम्ही चौदा जण. एक रिटायर तलाठी, त्यांना सगळे तात्या म्हणायला लागलो. एक सिस्टर, सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, सव्वीस वर्षं काढलेल्या. एक वकील, एक ब्युटी पार्लरवाल्या ताई, दोन इंजिनिअरिंगची पोरं, गडहिंग्लजहून एसटीनं येणारी एक एमए करणारी पोरगी, बाकी आमच्यासारखे किरकोळ. वय एकोणीस ते अडुसष्ट. हे मला लई आवडलं, एकाच वयाचे आणि एकाच वाचनाचे लोक असते तर मजा आली नसती.

पहिल्या तासाला मॅडमनी थोडा इतिहास सांगितला. अमेरिकेत आयोवा युनिव्हर्सिटीत हे असलं लिखाणाचं वर्कशॉप १९३६ पासून चालू आहे, इंग्लंडात ईस्ट अँग्लियाला १९७० पासून, तिथं शिकलेल्या इशिगुरोंना २०१७ चं नोबेल मिळालं. मागनं इंजिनिअरिंगचं एक पोरगं लगेच, "मग मॅडम आमचं कवा?" मॅडम हसल्या पण नाहीत, "आधी दोन पानं आणा" म्हणाल्या आणि पुढं गेल्या. तिथंच मला बाई पसंत पडली.

मग पहिला एक्सरसाइज. कोल्हापूरवर एक पान लिहा. आम्ही खूश, पेनं काढली. मॅडमनी बोर्डावरचं इंटिग्रेशन पुसलं आणि तिथं लिहिलं: तांबडा, पांढरा, मिसळ, रंकाळा, चप्पल, फेटा, कुस्ती, देऊळ, नाद खुळा. म्हणाल्या, यातला एक पण शब्द येता कामा नये. वकीलसाहेब म्हणाले, "मग ऱ्हायलं काय?" आख्खा वर्ग हसला, पण पहिली पाच मिनिटं कुणाचंच पेन हललं नाही हे पण खरं. आपणच आपल्या गावाबद्दल पाहुण्यांना दाखवायचं तेवढंच बोलतोय हे तवा कळलं.

वीस मिनिटांनी जे बाहेर आलं त्यातलं तात्यांचं सांगतो. तात्यांनी २०१९ च्या पुराचा पंचनामा लिहिलेला. आपल्याकडं पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी लहान पोरांना पण पाठ असतीय, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, सगळ्यांना वाटलं आता तात्या फूट आणि इंच सांगणार. तसलं काय नाही. पाणी ओसरल्यावर एका घरात गेले, कागद पुढं धरला, काय काय गेलं सांगा म्हणाले, आणि त्या बाईनं पहिल्यांदा पीठ सांगितलं. परवाच दळून आणलेलं होतं म्हणाली. मग अंथरूण, मग पोराची वह्या-पुस्तकं, टीव्ही चौथ्या नंबरला. आणि तात्यांच्या फॉर्मवर पिठाला रकानाच नव्हता. एवढंच. सात-आठ ओळी. वाचून झाल्यावर सिस्टरनी चष्मा पुसला. तात्या तेहतीस वर्षं सातबारा लिहीत होते, एवढं चांगलं लिहितात हे त्यांच्या घरात पण कुणाला माहीत नसणार.

माझं पान? रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर शिरोलीच्या पुलावर गाडी थांबवून पाण्याकडं बघणारा माणूस. त्यात "अथांग" दोनदा होतं. सोडा.

तिसऱ्या रविवारचं पण सांगायला पायजे. विषय दिला केशवराव भोसले नाट्यगृहाची आग. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, त्या रात्री आपल्यातले निम्मे तरी तिकडं पळालेले. चौदातल्या अकरा जणांनी ज्वाला लिहिल्या आणि अकराच्या अकरा ज्वालांनी तांडव केलं. (माझ्या पण.) मॅडमनी एकेकाला वाचायला लावलं, म्हणजे तांडव अकरा वेळा ऐकायला लागलं, सातव्या तांडवाला लोक हसायला लागले आणि आठव्यापासनं वाचणाराच लाजायला लागला. यापरीस मोठी शिक्षा नाही. मग त्या नोबेलवाल्या पोराचा नंबर आला. त्यानं लिहिलेलं की मी मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत होतो, हात दुखायला लागला म्हणून दुसऱ्या हातात घेतला, आणि हात बदलताना शेजारच्या म्हाताऱ्याचं तोंड दिसलं, तवा मोबाईल खिशात घातला. आगीवर एक शब्द नाही. मॅडमनी तो कागद मागून घेतला, परत एकदा मनात वाचला, परत दिला. छान पण म्हणाल्या नाहीत. त्या पोराची कॉलर त्या दिवशी जी ताठ झाली ती आठव्या रविवारपर्यंत तशीच होती.

आता मेन गोष्ट, ज्याच्यासाठी हा कोर्स करायचा. चौथ्या रविवारपासनं वर्कशॉप. पद्धत अशी की तुम्ही तुमची कथा आधी सगळ्यांना पाठवायची, सगळ्यांनी वाचून, पेन्सिलीनं खुणा करून यायचं, आणि वर्गात तुमच्या कथेवर अर्धा तास बोलायचं. त्या अर्ध्या तासात लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. "तसं नाही ओ, मला असं म्हणायचं होतं" हे चालणार नाही. मॅडमनी सांगितलं की ही पद्धत तिकडं वर्कशॉपमधनं रुळली, आता तिकडं पण काही जण याला नावं ठेवतात, तरी मी हीच वापरते.

कोल्हापूरच्या माणसाला अर्धा तास गप्प बसवणं म्हणजे काय असतं हे तुम्हाला सांगायला नको.

माझी कथा होती एका मोल्डरची, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याची. आमच्याच लाइनची. लॅडल, म्हणजे वितळलेलं मेटल न्यायचं भांडं, नीट तापवून वाळवलेलं नसतं, त्यात ओल राहिलेली असती, वरनं तेराशे-चौदाशे डिग्रीचं मेटल पडतं आणि ते उसळून माणसाच्या पायावर येतं. आता मॅडमनी आधीचे तीन आठवडे "अथांग" आणि "तांडव" झोडपलेलं, म्हणून मी म्हटलं यावेळी सगळं पक्कं, खरं, आतलं लिहायचं. वाळूत बेंटोनाइट किती, कोळशाची पावडर कशाला, ओलावा जास्त झाला तर ब्लो होल कसे येतात, रायझर (साच्यातला जादा मेटलचा साठा, आकसणारं कास्टिंग भरून काढतो आणि नंतर कापून टाकतात) कशाला ठेवतात, मेटल थंड होताना आकसतं ते कसं, सगळं टाकलं. मनात म्हटलं आता बोला काय बोलायचं ते.

सिस्टर बोलल्या. त्यांनी माझी पानं उलटीसुलटी केली, चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाल्या, "हितं माणूस भाजतोय तिसऱ्या पानावर. त्याच्या आधी दोन पानं यांनी आम्हाला रायझर शिकवलाय. आमच्याकडं असा पेशंट आला की आम्ही आधी पाणी ओततो ओ, तो कुठल्या डिपार्टमेंटला होता ते नंतर विचारतो."

मी हात मांडीखाली घालून बसलेलो. खरंच, मुद्दाम, कारण हात वर आला की तोंड उघडतं. मला सांगायचं होतं की रायझर कळल्याशिवाय शेवट कळत नाही, शेवटी तो माणूस म्हणतो की आम्ही पण रायझरच की, कास्टिंग भरून निघालं की आम्हाला कापून बाजूला टाकत्यात. माझी सगळ्यात लाडकी ओळ होती ती. वकील म्हणाले शेवटची ओळ भाषणासारखी वाटती. पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, मला रायझर कळला नाही पण तो माणूस भाजल्यावर पहिल्यांदा चप्पल शोधतो तिथं माझ्या पोटात गोळा आला, ते कुठनं सुचलं? आणि मी गप्प. ते सुचलेलं नव्हतं. तो प्रकार मी डोळ्यानं बघितलेला, दहा-बारा वर्षं झाली, आणि लिहिताना एका ओळीत उरकलेला, कारण मला रायझरकडं जायची घाई होती.

अर्धा तास संपल्यावर मॅडमनी मला विचारलं, आता बोला. आणि गंमत बघा, बोलायला काय नव्हतंच. जे सांगायचं होतं ते सगळं तिथं पानात नव्हतं हे चौदा जणांकडनं ऐकून झालेलं. मॅडमनी फक्त चपलेच्या ओळीखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "इथे थांबा की जरा." घरी जाताना बायकोला फोन केला, म्हटलं कथा पार धुतली सगळ्यांनी. ती म्हणाली, मग आवाज एवढा खूश का येतोय?

मला वाटतं साडेसहा हजारातले निदान चार हजार त्या अर्ध्या तासाचे. लिहायला कुणी शिकवत नाही तिथं, आधीच सांगतो. आपलं लिहिलेलं दुसरा कसा वाचतो ते समोर बसून बघायला मिळतं, आणि ते घरात मिळत नाही. घरातली माणसं एकतर छान म्हणतात, नाहीतर जेवायला वाढू का विचारतात.

आणि आता ते भांडण. सहावा रविवार. गडहिंग्लजच्या पोरीची कथा होती, एक पोरगी हॉस्टेल सोडून परत घरी येते त्याची, सगळी "मी" म्हणून लिहिलेली. आता आपल्याकडच्या पोरी कशा बोलतात ते बाहेरच्यांना सांगायला लागतं, आपल्याला नाही. "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो रे". माझी बहीण, माझी पोरगी, सगळ्या तशाच बोलतात, त्यात मुलगा-मुलगी काय नसतं. त्या पोरीनं कथा तशीच लिहिलेली. आणि मॅडम लातूरकडच्या. त्यांनी पहिल्या पानावर अकरा क्रियापदांना लाल गोल केले आणि समासात लिहिलं, "लिंग?"

वर्ग पेटला. तात्या म्हणाले हे चूक नाही, आमच्या आईपासनं असंच आहे. पार्लरवाल्या ताई म्हणाल्या मी पण तशीच बोलतो. मॅडम ऐकेनात. त्यांचं म्हणणं असं की बोलण्यात ठीक आहे, तिथं माणूस समोर दिसतं, पण नागपूरचा वाचक पहिलं पान वाचताना याला मुलगा समजणार, आणि चौथ्या पानावर तिची आई तिला साडी नेसवायला लागली की तो पुस्तक उलटं करून बघणार. मुद्दा बरोबर होता, आता शांतपणे विचार केला तर. पण तवा कोण ऐकतंय. वकील तर उभे राहिले, कोर्टात राहतात तसे.

आणि जिची कथा ती पोरगी नियमाप्रमाणं गप्प. तोंड लाल झालेलं. वीस मिनिटं कळ काढली तिनं, आणि मग एकदम वही बाकावर आपटून म्हणाली, "मॅडम, नियम राहू दे, आता मी बोलतो!"

एक सेकंद शांतता. मग जे हसायला लागले लोक, मॅडम पण डोळे पुसत होत्या. भांडण तिथंच मिटलं, तिनं पुढं एक शब्द बोलायची गरजच राहिली नाही.

खरी दाद मी मॅडमना द्यायची ती पुढच्या रविवारची. आल्या त्याच बोलत, की गाडीला वेळ होता म्हणून मागच्या रविवारी मी केएमटीत, म्हणजे सिटी बसमध्ये, बसून उगाच दोन चकरा मारल्या, कॉलेजच्या पोरींच्या मागच्या सीटवर बसून, आणि आता मला कळलं. "माझं चुकलं. मी चुकले." मागनं दोघं-तिघं एकदम, "चुकलो म्हणा मॅडम!" म्हणाल्या, "बरं, चुकलो." मग त्यांनी आणि त्या पोरीनं मिळून उपाय काढला तो मला फार आवडला. क्रियापदं एक पण बदलली नाहीत. फक्त पहिल्याच ओळीत आई दारातनं हाक मारती, "पोरी, चप्पल बाहेर काढ." झालं. नागपूरवाल्याला पण कळलं आणि पोरीची भाषा पण राहिली. अकरा गोल खोडण्यापेक्षा एक हाक. शिकवता येतं का या माझ्या डाउटचं उत्तर मला तिथं जरा तरी मिळालं.

आता तक्रारी. गोड गोड लिहायला मी काय त्यांचा पाहुणा नाही.

एक म्हणजे दोन रविवार न विचारता ऑनलाइन केले. आदल्या रात्री साडेदहाला मेसेज, उद्याचं सेशन लिंकवर. वर्कशॉप ऑनलाइन म्हणजे निम्म्यांचा कॅमेरा बंद, तात्यांचा माइक चालू आणि आख्ख्या वर्गाला त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या. गप्प बसायच्या नियमाची पण मजा गेली, म्यूट करून कोण काय बोलतंय काय कळतंय. पैसे कमी करा म्हटल्यावर क्लासवाल्यांनी दोन दिवस ब्लू टिक दाखवली आणि मग एक हात जोडलेला इमोजी. यात मॅडमची चूक किती आणि क्लासवाल्यांची किती मला माहीत नाही, पण पैसे आमचेच गेले.

दुसरं, वाचायला दिलेल्या नऊ कथांतल्या सहा परदेशी, भाषांतर केलेल्या, आणि झेरॉक्स असली की निम्मं पान राखाडी. कथा चांगल्या होत्या, नाही म्हणत नाही. पण ज्या वर्गात "मी आलो" वरनं एवढं रामायण झालं तिथं बोलीतल्या मराठी कथा चार-पाच तरी ठेवायच्या ना. मी हे फीडबॅक फॉर्मवर लिहिलंय. फॉर्मवर त्याला रकाना होता, तात्यांच्या फॉर्मपेक्षा बरा.

तिसरं, जाहिरातीत लिहिलेलं तीन लिखाणांवर लेखी अभिप्राय मिळणार. दोन मिळाले, भरपूर, समास भरून. तिसऱ्यावर एक ओळ, "छान, पुढे न्या." कुठं नेऊ? रिक्षात घालून? बाई दमलेली असणार, युनिव्हर्सिटीचे पेपर, प्रवास, समजतंय मला. पण मी फौंड्रीत तिसऱ्या लॉटला "छान, पुढे न्या" लिहिलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.

चौथं, शेवटच्या रविवारी "पुस्तक कसं छापावं" असा भाग होता, त्याची वाट सगळे बघत होते, आणि तो अर्ध्या तासात उरकला. करार कसा असतो, मानधन कसं ठरतं, स्वतः पैसे घालून छापावं का नाही, यावर काय नाही. बाहेर टेबलावर मात्र मॅडमच्या तिन्ही कादंबऱ्या सवलतीत. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकवलं ते वेगळंच. चहा बद्दल बोलायलाच नको, गरम पाण्याला साखर दाखवलेली.

मॅडमच्या पुस्तकाचं आता निघालंच आहे तर. मी कोर्सच्या आधी त्यांची दुसरी कादंबरी वाचून गेलेलो, गुरू कसा आहे बघून घ्यावं म्हणून. पहिली शंभर पानं एक नंबर, खाली ठेवू देत नाही. नंतर मात्र सासू, सून, डॉक्टर, रिक्षावाला सगळे मॅडमसारखंच बोलायला लागतात. आणि वर्गात मॅडम आम्हाला तेच करू नका म्हणून सांगायच्या! सातव्या रविवारी चहाच्या वेळी धीर करून त्यांना हे सांगितलं. म्हटलं आता सर्टिफिकेट गेलं. मॅडमनी कप खाली ठेवला, म्हणाल्या, "शंभर पानं? मला तर वाटत होतं साठच जमलीत."

असा माणूस शिकवायला असेल तर बाकीचं मी खपवून घेतो. पण सगळे घेतीलच असं नाही.

कुणी जावं? ज्याच्याकडं निदान दहा पानं लिहून पडलेली आहेत आणि ती दाखवायला कुणी नाही, त्यानं डोळे झाकून जावं. ज्याला "प्रेरणा" पायजे त्यानं जाऊ नये, तिथं प्रेरणा मिळत नाही, पेन्सिलीच्या खुणा मिळतात. आमच्यातले तिघं चौथ्या रविवारनंतर परत आलेच नाहीत, एक तर कथा पाठवून पण आला नाही, त्याच्या रिकाम्या बाकाकडं बघत आम्ही चर्चा केली. आणि ज्यानं अजून काय वाचलेलंच नाही त्यानं आधी हे साडेसहा हजार बाजूला ठेवून करवीर नगर वाचन मंदिराचं मेंबर व्हावं, १८५० सालची लायब्ररी आहे आपल्या गावात, वर्षभर वाचलं तरी एवढे पैसे जाणार नाहीत. हे मी मॅडमसमोर पण बोललो, त्यांनी मान हलवली.

कोर्स संपल्यापासनं आम्ही पाच जण रविवारी टाउन हॉलच्या बागेत बसतो. तात्या, सिस्टर, नोबेल, गडहिंग्लज आणि मी. नियम तोच, ज्याचं लिखाण त्यानं गप्प. बोलला की चहा त्याच्यावर. आत्तापर्यंत सगळ्यात जास्त चहा मीच पाजलाय. मोल्डरची कथा पाचव्यांदा लिहिली, रायझर आता एकाच ओळीत आहे, शेवटची लाडकी ओळ काढून टाकली, चपलेपाशी पाऊण पान झालंय. सिस्टर म्हणतात अजून पाणी ओतायला उशीर होतोय.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं ऐकलंय. भरणार असाल तर दोन गोष्टी आधी लेखी विचारून घ्या, किती रविवार ऑनलाइन असणार आणि लेखी अभिप्राय नक्की किती. फी दोन हप्त्यांत घेतात, पण आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आणि खिडकीकडचा तिसरा बाक धरू नका, वरचा पंखा नेमका तिथंच कागद उडवतो, माझं "अथांग" वालं पान तसंच खाली गल्लीत गेलं, आणि मी आणायला गेलो नाही.